धर्मगुरूंवाचून सात पिढ्या

इ. स. १८६५ मधील मार्च महिन्याची १७ तारीख. जपानमधील नागासाकी बंदरात, ओउरा नावाच्या भागातील टेकडीवर फ्रेंच धर्मगुरूंनी बांधलेल्या नव्या चर्चच्या उद्घाटनाला तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. १८५८ च्या तहांमुळे परदेशी व्यापाऱ्यांना काही बंदरे मोकळी झाली होती आणि त्यांच्या उपासनेपुरती चर्चे बांधण्यास परवानगी मिळाली होती. जपानी प्रजेला मात्र ख्रिस्ती धर्माची बंदी पूर्वीप्रमाणेच होती. 'फ्रेंचांचे देऊळ' म्हणून आसपासचे लोक ती इमारत नवलाने पाहून जात. त्या शुक्रवारी दुपारी बारा-पंधरा शेतकरी स्त्रीपुरुष असेच दाराशी येऊन उभे राहिले. बर्नार पेतीजाँ या धर्मगुरूंनी त्यांना आत घेतले आणि स्वतः वेदीसमोर गुडघे टेकून ते प्रार्थना करू लागले. तोच एक स्त्री जवळ आली आणि छातीवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली की, येथे आलेल्या आम्हा सर्वांचे हृदय आपल्या हृदयासारखेच आहे. लागलीच तिने विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे?

ही माणसे नागासाकीजवळच्या उराकामी गावची होती. मूर्तीपुढे उभे राहून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे सध्या 'दुःखाचा काळ' चालू आहे व आजचा त्यातील सतरावा दिवस आहे. आपणही तो पाळता काय? त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्च रोजी होता. म्हणजे उपवासकाळाचा तो बरोबर सतरावा दिवस होता! दोनशेहून अधिक वर्षे ज्यांच्यात धर्मगुरू राहिला नव्हता, चर्च नव्हते, ज्यांचा बाहेरच्या ख्रिस्ती जगाशी कसलाही पत्रव्यवहार नव्हता, त्या शेतकऱ्यांचा दिवस रोमच्या दिवसाशी जुळला होता.

ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते व ऐकणाऱ्याचे मन भरूनही येते. परंतु केवळ चमत्कार म्हणून तिचे कौतुक केले, तर त्यामागचे कष्ट नजरेआड होतात. शिकवण आपोआप टिकत नाही. ती कोणीतरी, काहीतरी व्यवस्था करून, जीव धोक्यात घालून टिकवावी लागते. आणि असे करूनही तिच्यातील काय टिकते व काय निसटते, हा प्रश्न उरतोच. जपानच्या या गुप्त ख्रिस्ती लोकांच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात.

या इतिहासाचा आरंभ गोव्यातून झाला आहे. आंजिरो नावाच्या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यात झाला. दुसऱ्या वर्षी त्यालाच बरोबर घेऊन संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमास उतरले. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत तेथील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली असावी, असा अंदाज आहे. पण त्या आधीच वारे फिरू लागले होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रूसावर देहदंड देण्यात आला. त्यांतील एक आपल्या वसईचे, फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया हे होते. पिता पोर्तुगीज, माता कोकणातील, शिक्षण वसईच्या येशूसंघीयांकडे; जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे ते फ्रान्सिस्कन मंडळींचे दुभाषी झाले होते. १८६२ मध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळाले व ओउराचे चर्च त्यांच्याच स्मरणार्थ उभारले गेले.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने साऱ्या देशात ख्रिस्ती धर्मास बंदी घातली. पुढील छळाची वर्णने येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. प्रत्येक कुटुंबाने कोणत्यातरी बौद्ध मंदिरात नाव नोंदविले पाहिजे, पाच-पाच घरांच्या गटाने एकमेकांबद्दल जबाबदार राहिले पाहिजे, धर्मगुरूला पकडून देणाऱ्यास चांदीची नाणी इनाम, आणि नागासाकी भागात दरवर्षी नव्या वर्षाच्या आरंभी ख्रिस्ताची वा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवून दाखविण्याची सक्ती, अशी ही यंत्रणा होती. १६३३ मध्ये येशूसंघाचे जपानमधील प्रमुख क्रिस्तोव्हाँव फेरेइरा यांनीच यातना असह्य होऊन धर्म सोडला. १६४४ मध्ये मान्श्यो कोनिशी या जपानी धर्मगुरूंना देहदंड झाला. देशात लपून राहिलेले ते शेवटचे धर्मगुरू समजले जातात. पुढे १७०८ मध्ये सिदोत्ती नावाचे एक इटालियन धर्मगुरू किनाऱ्यावर उतरले खरे, पण ते लगेच पकडले गेले.

संत पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पत्रांत शिकवणीला 'ठेव' म्हटले आहे. ग्रीक भाषेत हा व्यवहारातला शब्द होता. दूरच्या प्रवासाला निघालेला मनुष्य आपली चीजवस्तू विश्वासू शेजाऱ्याकडे सोपवी, तशी ती ठेव. ठेवीचा धर्म असा की, ती आपली नसते. तिच्यात भर घालता येत नाही, तिच्यातून काढता येत नाही, आणि अडचणीच्या दिवसांत मोडूनही खाता येत नाही. मालक येईल तेव्हा जशीच्या तशी परत द्यावयाची. उराकामीचे शेतकरी, सोतोमेचे कोळी आणि पुढे गोतो बेटांवर जाऊन वसलेली कुटुंबे यांनी पौलाचे पत्र वाचलेले असण्याचा संभव कमीच होता. पण त्यांनी जे केले ते याच रीतीचे होते.

बंदीच्या आधीपासूनच तेथील गावांत प्रापंचिक ख्रिस्ती माणसांच्या मंडळ्या होत्या. धर्मगुरू थोडे व गावे फार, म्हणून प्रार्थना चालविणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, मृताला मूठमाती देणे ही कामे या मंडळ्याच पाहत. धर्मगुरू गेल्यावर त्याच मंडळ्या भूमिगत झाल्या. उराकामीत तीन प्रकारची कामे वाटून दिलेली असत. एकजण पंचांगाची वही राखी व प्रार्थना सांगे. दुसरा बाप्तिस्म्याचे पाणी घाली. तिसरा घरोघर फिरून निरोप पोचवी की, अमुक दिवस सणाचा आहे, अमुक दिवस कामाला वर्ज्य आहे. वर्ज्य दिवशी शेतात खत घालावयाचे नाही, सुई हातात धरावयाची नाही, असे नियम होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात संशय घेण्यासारखे काही दिसत नसे, कारण अशी पथ्ये जपानी खेड्यांत इतरत्रही पाळली जात.

हे पंचांग म्हणजे एक मोठेच प्रकरण होते. परंपरेप्रमाणे ते बास्तियान नावाच्या एका जपानी धर्मशिक्षकाकडून आले व त्याचा आधार १६३४ या वर्षाची गणना हा होता. जपानी कालगणना तेव्हा चांद्र होती व अधूनमधून अधिक मास येई. रोमचे सण तर सौर गणनेचे, आणि त्यातही पुनरुत्थानाचा सण दरवर्षी जागा बदलणारा. अधिक महिन्याचा घोळ घरीदारी अनुभवलेल्या मराठी माणसाला, या दोन गणनांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्या घालीत राहणे किती किचकट असेल, हे सांगावयास नको. १८५६ च्या धरपकडीत उराकामीच्या प्रमुख माणसांना तुरुंगात टाकले गेले व त्यांतील काही तेथेच मरण पावले. तरीही नऊ वर्षांनी गावाला सतरावा दिवस ठाऊक होता.

याच बास्तियानच्या नावाने एक भाकीतही घरोघर सांगितले जाई. सात पिढ्यांपर्यंत तुम्हांला मी आपली लेकरे मानीन. त्यानंतर मोठ्या काळ्या गलबतांतून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील व तुम्ही उघडपणे देवाची गाणी म्हणत जाल. भाकितावर कोणी विश्वास ठेवावा अथवा न ठेवावा. परंतु ठेव सांभाळणाऱ्याला मालक परत येणार आहे याची आठवण असणे किती आवश्यक असते, हे त्यावरून ध्यानात येते.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. ही माणसे दरवर्षी प्रतिमा तुडवीत होती. मंदिराच्या नोंदवहीत त्यांची नावे होती, त्यांच्या मृतांवर बौद्ध भिक्षू संस्कार करीत होते. मग यांना श्रद्धावंत कसे म्हणावे? ज्यांनी पाय उचलण्यास नकार देऊन मरण पत्करले, त्यांच्याशी यांची बरोबरी करता येणार नाही व त्यांनीही ती कधी केली नाही. येथेच त्यांचा खरा मोठेपणा दिसतो. प्रतिमा तुडवून घरी आल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. ही प्रार्थना व तिचे विवरण १६०३ मधील एका छोट्या पुस्तकातून आले होते. धर्मगुरू भेटण्याची सोय नसेल तेव्हा देवावरील प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा, आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा, ही चर्चची जुनी शिकवण त्यात सोप्या जपानीत समजावून दिली होती. या पुस्तकाच्या हस्तलिखित नकला हातोहात फिरल्या व प्रार्थना तोंडपाठ झाली.

यातील मर्म असे की, त्यांनी आपल्या दुबळेपणाला पाप म्हणणे सोडले नाही. 'काळच तसा होता, यात गैर काही नाही, देवाला मन ठाऊक आहे' अशी समजूत करून घेणे किती सोपे होते! दोन पिढ्यांत ती समजूत हीच शिकवण होऊन बसली असती. त्यांनी तसे केले नाही. वागण्यात ते कमी पडले, पण आपल्या वागण्याला शोभावी म्हणून शिकवण वाकविली नाही. वागणूक व शिकवण यांत अंतर पडले म्हणजे मनुष्य बहुधा शिकवणीलाच खाली ओढतो. या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांनी ते अंतर दरवर्षी डोळ्यांत पाणी आणून मोजले.

परंतु सारेच असे शाबूत राहिले नाही, आणि ते का राहिले नाही याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संत झेवियर यांनी प्रथम जपानीत उपदेश करताना देवासाठी 'दाइनिची' हा शब्द वापरला. आंजिरोने सुचविलेला हा शब्द एका बुद्धस्वरूपाचे नाव आहे, हे ध्यानात येताच त्यांनी तो टाकला व 'देउस' हाच लॅटिन-पोर्तुगीज शब्द ठेवला. विरोधकांनी लगेच त्यावर कोटी केली, कारण 'दाई उसो' याचा जपानीत अर्थ होतो महाथाप! तरीही पुढे कित्येक मुख्य शब्द परकेच ठेवण्यात आले. हेतू शुद्ध होता: परक्या शब्दाला जुना अर्थ चिकटलेला नसतो. जोवर समजावून सांगणारा जवळ होता तोवर हे धोरण उपयोगी पडले. समजावून सांगणारा गेल्यावर मात्र शब्दाचा नुसता नाद उरला; आणि रिकाम्या नादात कोणताही अर्थ शिरू शकतो.

या लोकांत 'तेन्ची हाजिमारी नो कोतो', म्हणजे आकाश आणि पृथ्वीच्या आरंभाची कथा, या नावाचा एक ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या सांगत व लिहीत तयार झाला. तो वाचताना कुतूहल वाटते आणि वाईटही वाटते. रोमन सुभेदार पोंती पिलात याचे त्यात दोन वेगवेगळे इसम झाले आहेत. त्रैक्यातील पिता व पुत्र ओळखू येतात. पवित्र आत्म्याचे लॅटिन नाव मात्र कोणालाच उमगेनासे झाल्यामुळे ते मरियेला दिले गेले आहे. याहून गंभीर बाब ख्रिस्ताच्या मरणाची. राजा हेरोदाने ख्रिस्ताच्या शोधात चव्वेचाळीस हजार चारशे चव्वेचाळीस बालके मारली व आपल्यामुळे मेलेल्या त्या बालकांच्या मुक्तीसाठी ख्रिस्ताला दुःख भोगावे लागले, असे कारण त्या ग्रंथात दिले आहे. कोणीही यात मुद्दाम भेसळ केलेली नाही. आठवणीत जेथे भोक पडले तेथे लोकांनी आपल्या परिचयातल्या कथांचे ठिगळ लावले. एका बाजूला पश्चात्तापाची प्रार्थना लोकभाषेत होती व तिचा उपयोग वर्षातून एकदा तरी जिवाच्या आकांताने होत होता, म्हणून ती अर्थासह टिकली. दुसऱ्या बाजूला त्रैक्यासारखे तत्त्व परक्या शब्दांत होते व त्याचा खुलासा करणारा कोणी नव्हता, म्हणून ते निसटले.

ज्या साली जपानमध्ये बंदी आली त्याच १६१४ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले 'ख्रिस्तपुराण' पुरे केले व १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथात त्यांनी उलट वाट धरली. परमेश्वर, वैकुंठ, मुक्ती हे श्रोत्यांच्या ओठांवरचे शब्दच त्यांनी घेतले आणि कथेच्या ओघात त्यांचा नवा अर्थ पुनःपुन्हा उलगडून दाखविला. या वाटेलाही धोका होता, पण तो उघड्यावरचा होता. ऐकणारा शंका विचारू शकत होता. ग्रंथात शंका विचारणारे लोक व उत्तरे देणारा पाद्री गुरू आहेतच. पुढे १६८४ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर गदा आणली. ग्रंथाच्या जुन्या छापील आवृत्तींची एकही प्रत आज सापडत नाही. परंतु कानडा मुलखातील कुटुंबांनी हस्तलिखिते जपली होती व त्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. मराठी कळणाऱ्याला त्यातील ओवी आजही समजते.

नागासाकीस परत वळले की, ठेव परत देण्याची घटका कशी आली ते दिसते. उराकामीची बातमी पसरताच बेटांवरून व दूरच्या वाड्यांवरून माणसे रात्री होड्या घेऊन येऊ लागली. ती भोळेपणाने येत नव्हती. आलेला परदेशी खरा धर्मगुरू आहे की नाही, याची पारख ती करीत. मरियेचा मान राखता काय, रोमचे परमगुरुस्वामी तुम्हांला मान्य आहेत काय, आपण अविवाहित आहात काय, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. पेतीजाँ यांनीही उलट पारख केली. पाणी घालणाऱ्यांकडून त्यांनी बाप्तिस्म्याचे शब्द जसेच्या तसे म्हणवून घेतले. काही ठिकाणी ते ग्राह्य ठरण्याइतके शाबूत होते. काही ठिकाणी इतके झिजले होते की, शंकेला जागा राहू नये म्हणून बाप्तिस्मा पुन्हा द्यावा लागला.

पुढची परीक्षा लगेच आली. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी आपल्या मृतांवर भिक्षूंकडून संस्कार करून घेण्यास उघड नकार दिला. दोनशे वर्षे जे लपविले ते आता लपवावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. राज्यक्रांती होऊन नवे सरकार आले, पण बंदी उठली नाही. १८६८ पासून उराकामीच्या सुमारे तीन हजार चारशे लोकांना वीसएक संस्थानांत हद्दपार करण्यात आले. त्सुवानो येथे त्यांना गोठलेल्या तळ्यात उतरविले, उभे राहता येणार नाही अशा पिंजऱ्यांत कोंडले. सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. कित्येकजण यातनांपुढे वाकले व त्यांतील बरेच पुढे परत आले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी हरकत घेतल्यावर १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले आणि उरलेले लोक गावी परतले. ज्या मुखियाच्या वाड्यात दरवर्षी प्रतिमा तुडवावी लागे, तीच जागा त्यांनी विकत घेतली व १८९५ ते १९१४ पर्यंत खपून तेथे मोठे चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेला अणुबाँब या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर फुटला. उराकामीच्या बारा हजार कॅथलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार मरण पावले. चर्च १९५९ मध्ये पुन्हा उभे राहिले.

तथापि गुप्त ख्रिस्ती लोकांपैकी सर्वच परतले नाहीत. हजारो कुटुंबांनी बंदी उठल्यावरही आपला जुना गुप्त मार्गच चालू ठेवला. त्यांना हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या आजोबाने प्राण पणाला लावून आपल्या मस्तकावर पाणी घातले, त्याचे शब्द चुकीचे होते असे मान्य करणे नातवाला जड गेले असेल, तर त्यात आश्चर्य कसले? जपून ठेवलेली वस्तू जपणाऱ्याच्या हाताला इतकी चिकटली होती की, ती तपासावयास देणे हाच त्यांना द्रोह वाटला.

नागासाकीच्या वायव्येस असलेल्या इकित्सुकी बेटावर अशा मंडळ्या विसाव्या शतकातही नांदत होत्या. आता त्या फार थोड्या उरल्या आहेत. तेथील वृद्ध कोळी व शेतकरी 'ओराश्यो', म्हणजे लॅटिन 'ओरात्सियो', प्रार्थना, मोठ्याने म्हणतात. तीत 'गुरुयोझा' या नावाचे एक गीत आहे. संगीताचे जपानी अभ्यासक तात्सुओ मिनागावा यांनी त्याचा माग काढीत स्पेनमधील जुनी हस्तलिखिते चाळली आणि सोळाव्या शतकातील एका मरियास्तोत्राच्या चालीत त्याचे मूळ शोधून काढले. युरोपात ती चाल केव्हाच मागे पडली होती. म्हणणाऱ्यांपैकी कोणालाही त्या शब्दांचा अर्थ सांगता येत नव्हता.